नायगावची हत्यारे

मराठी भाषेने एक मोठी मार्मिक गोष्ट करून ठेवली आहे. शिपायाच्या कमरेची तलवार हे हत्यार आणि सुताराचा रंधा, पटाशी, लोहाराचा हातोडा, फिटरची कानस हीदेखील हत्यारेच. संस्कृताने शस्त्र आणि उपकरण असा भेद केला, इंग्रजीनेही केला. बोलत्या मराठीला मात्र तो करावासा वाटला नाही. खंडेनवमीला आणि दसऱ्याला वाड्यातल्या तलवारीपुढे जे गंधफूल वाहिले जाई, तेच गिरणीतल्या साच्यापुढे आणि लेथपुढेही वाहिले जाई. घडविणारे हत्यार आणि रक्षण करणारे हत्यार यांचे कूळ एकच, ही समजूत या समाजात किती खोलवर रुजली होती, हे त्यावरून दिसते.

दादर पूर्वेच्या नायगावात ही दोन्ही हत्यारे शेजारधर्माने नांदली. एकीकडे मुंबई पोलिसांच्या सशस्त्र दलाचे मुख्यालय आणि त्याचे ते विस्तीर्ण मैदान, जेथे दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. दुसरीकडे स्प्रिंग मिल, कोहिनूर अशा गिरण्या आणि त्यांच्या भोंग्यांवर जागणाऱ्या चाळी. पोलीस मुख्यालयातला आर्मोरर रायफलीचा बोल्ट तेलाच्या फडक्याने पुसत असे, तेव्हा हाकेच्या अंतरावर गिरणीच्या मेकॅनिक खात्यातला फिटर एखादी झिजलेली चकती कानशीने घासून गुण्यावर तपासून पाहत असे. दोघांच्या हाताला एकच सवय, दोघांच्या नाकाला एकच वास. बी.डी.डी. चाळीच्या एकाच मजल्यावर हे दोघे शेजारी असल्याचीही उदाहरणे शोधावी लागत नाहीत. त्या चाळींत पोलिसांची कुटुंबेही राहत आली आहेत. आज यांपैकी एका हत्याराची काळजी सरकार घेते. दुसरे भंगारवाल्याच्या काट्यावर चढले आहे आणि त्याची खंत कोणाला वाटताना दिसत नाही.

हा विषय निघण्याचे कारण थोडे दूरचे आहे. अमेरिकेत घरच्या घरी पिस्तूल घडविण्याचा एक छंद आहे. १९६८ च्या तेथील बंदूक नियंत्रण कायद्यानेही स्वतःपुरते, विक्रीसाठी नव्हे, असे हत्यार घडविण्यास संघराज्याच्या पातळीवर मज्जाव केला नाही. त्यामुळे निवृत्त अभियंते, यंत्रकामगार, सुतारकामाची आवड असलेले डॉक्टर अशी मंडळी गॅरेजमध्ये बसून जुन्या ब्राउनिंग आराखड्याची पिस्तुले जुळवितात. त्यांच्या लिखाणात गोळीबाराचा उल्लेख कमी आणि सफाईचाच अधिक असतो, हे पाहून आश्चर्य वाटते. कानशीचे ओरखडे एकाच दिशेने कसे राहतील, एमरी पेपरचा खरखरीतपणा पायरीपायरीने कसा उतरवावा, कडा हाताला बोचणार नाही पण डोळ्यांना धारदार दिसेल इतकीच कशी मारावी, अक्रोडाच्या मुठीवर तेलाचे हात किती आणि किती दिवसांच्या अंतराने द्यावेत, तिच्यावरील चौकटींची नक्षी कोठे थांबवावी, यावर पानेच्या पाने लिहिली जातात. पोलादावर निळसर काळा थर चढविणे ही तर एक स्वतंत्र विद्याच. तो थर म्हणजे वस्तुतः गंजाचाच एक माणसाळलेला भाऊ. तांबड्या गंजाला दूर ठेवण्यासाठी काळ्या गंजाला घरात घेणे, असा तो प्रकार आहे.

या छंदाला तेथेही आता वेसण घातली गेली आहे. सुट्या भागांचे संच विकत आणून क्रमांक नसलेली पिस्तुले तयार होऊ लागली आणि ती गुन्ह्यांत सापडू लागली. तेव्हा २०२२ साली अशा संचांवर क्रमांक आणि खरेदीदाराची तपासणी बंधनकारक करणारा नियम झाला. २६ मार्च २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. स्वातंत्र्याचा एवढा उदो उदो करणाऱ्या देशालाही हे करावे लागले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम परवान्यावाचून शस्त्र बनविणे, विकणे, दुरुस्त करणे या साऱ्यांस बंदी घालते. सहावे कलम नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल आजन्म कारावास इतकी कठोर केली. नायगावच्या एखाद्या तरुणाने चाळीच्या माळ्यावर बसून पिस्तूल घडविले, तर तो छंदिष्ट ठरणार नाही, आरोपी ठरेल. आणि ते योग्यच आहे. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात, भिंतीपलीकडे दुसरे बिऱ्हाड असते, अशा शहरात या छंदाचे कौतुक करणे हा शहाणपणा नव्हे. महानगराने १९९३ पाहिले आहे, २००८ पाहिले आहे. मोकळ्या माळरानावरच्या माणसाची सवय दाटीवाटीच्या वस्तीने उचलू नये.

तथापि कायदा योग्य आहे एवढे म्हणून थांबणे ही पळवाट झाली. कारण घरगुती पिस्तूल महाराष्ट्राला अपरिचित नाही. वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ते 'गावठी कट्टा' या नावाने आठवड्यातून एकदा तरी भेटते. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे गाव त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तेथून निघालेली पिस्तुले जळगाव-धुळ्यामार्गे पुण्या-मुंबईच्या टोळ्यांपर्यंत पोहोचतात. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी मध्य प्रदेश पोलिसांच्या साहाय्याने त्या गावावर छापा घालून तेथील भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पोलिसांची ही कामगिरी अभिनंदनीयच. पण त्या भट्ट्यांपाशी जे लोक बसले होते ते कोण, याचा विचार छाप्याच्या बातमीत येत नाही. त्यांच्यातले अनेकजण शिकलगार, म्हणजेच सिकलीगर.

'सैकल' म्हणजे झिलई. शिकलगार म्हणजे हत्याराला झिलई देणारा, धार लावणारा, पाणी चढविणारा. शब्द अरबी-फारसीतून आला, पण हात येथलेच होते. शीख परंपरा या कारागिरांना गुरूंचे शस्त्रकार म्हणून गौरविते. नांदेडच्या हुजूरसाहेबाच्या परिसरातही त्यांची जुनी वस्ती आहे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शिकलगारांनी मराठ्यांच्या तलवारी, कट्यारी, दांडपट्टे लखलखीत ठेवले. ज्या काळी राज्य तलवारीवर चाले, त्या काळी या माणसाला मान होता. मग १८५७ झाले, आणि १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला. त्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले, हे पाठ्यपुस्तकात आहे. शस्त्र घडविणाऱ्याच्या हातातले काम काढून घेतले, हे मात्र पाठ्यपुस्तकात नाही. शिकलगार चाकू-कात्र्यांना धार लावीत, कुलपे दुरुस्त करीत, बादल्यांना बूड बसवीत दारोदार फिरू लागला. परकीय सरकारने त्याच्या कौशल्याला दुसरी वाट दिली नाही, आणि स्वकीयांनीही ती पुरेशी दिली नाही. बहुसंख्य शिकलगार आजही कष्टाची भाकरी खातात. काही थोडे उमर्टीच्या भट्टीकडे वळले, म्हणून साऱ्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारणे हा अन्याय होय. परंतु हाताला विद्या आहे आणि विद्येला वैध दार नाही, अशी अवस्था पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तर ती विद्या खिडकीतून बाहेर पडते.

शस्त्रनिर्मिती हातातून गेल्याची किंमत राष्ट्रानेही मोजली आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंग बनावटीचे होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून धाडलेल्या पिस्तुलांपैकी ते एक. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. निर्धार नाशिकचा होता, हत्यार मात्र समुद्रापलीकडून आणावे लागले. ज्या भूमीत शिकलगारांच्या आळ्या होत्या, तेथे एका पिढीत एवढी निःशस्त्रता आली होती.

पण परदेशी हत्यार घेणे यातच कमीपणा आहे, असेही समजू नये. मराठ्यांनी युरोपातून आलेली लांब, सरळ पाती मोठ्या संख्येने वापरली. 'फिरंग' हे त्या तलवारीचे नावच तिच्या पात्याचे मूळ सांगते. तिला मूठ मात्र येथली बसविली जाई: हात झाकणारी, खाली टोकदार दांडा असलेली, मराठी पंजाच्या मापाची. पाते कोणाचेही असो, ते ज्या मुठीने हातात येते ती मूठ आपली असावी, एवढे भान त्या कारागिराला होते. परकीय वस्तू घेऊन ती आपलीशी कशी करावी याचे इतके नेमके उदाहरण स्वदेशीवरच्या भाषणांतूनही क्वचितच सापडेल.

नेमबाजीच्या खेळात हीच गोष्ट आज पुन्हा समोर येते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला रायफलीच्या तिहेरी पवित्र्यात कांस्यपदक आणले. अभिमानाने ऊर भरून यावा अशा या घटना. मात्र स्पर्धेच्या मैदानावर भारतीय नेमबाजांच्या हातात दिसणारी पिस्तुले पाहावीत: मोरिनी स्वित्झर्लंडचे, स्टायर ऑस्ट्रियाचे, पार्दिनी इटलीचे, वाल्थर जर्मनीचे. २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलातला विजेवर चालणारा भाग ऐन फेरीत बिघडला, बहुमोल मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन पदके मिळवून उट्टे काढले, हे तिचे कर्तृत्व. यंत्र कोणाचेही बिघडते, त्यात कोणाचा दोष नाही. तथापि नेमबाज येथे घडतात आणि त्यांचे हत्यार जाणणारे हात मात्र येथे फारसे घडत नाहीत, ही विसंगती त्या दिवशी जगापुढे आली.

या खेळातल्या पिस्तुलाची मूठ हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दहा मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान पाचशे ग्रॅमचा हवा, वजन दीड किलोच्या आत हवे, आणि सारे पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, असे नियम आहेत. पण मुठीच्या पोटातला उतार खेळाडूने आपल्या तळव्याप्रमाणे घडवून घ्यायचा असतो. कारखान्यातून येणारी मूठ लहान, मध्यम, मोठी अशा ठोकळ मापांची. मग येथे अंगठ्याखाली लाकूड थोडे तासायचे, तेथे करंगळीजवळ लुकण भरायचे, पुन्हा घासायचे, पुन्हा धरून पाहायचे. डोळे मिटून पिस्तूल उचलले आणि डोळे उघडले, तर दृष्टिरेषा आपसूक लक्ष्याच्या मध्यावर यावी, इथपर्यंत हे चालते. काम मिलिमीटरच्या अंशाचे आणि महिनोन्‌महिन्यांचे. हवेच्या स्पर्धा-पिस्तुलाची लाकडी मूठ अशी घासायला शस्त्र कायदा आड येत नाही. आड येते ते न शिकलेले बोट. ज्या शहरात एके काळी लाखो हातांना कानस ठाऊक होती, त्या शहरातल्या मुलीने मुठीसाठी परदेशी कंपनीला तळव्याचे माप पाठवावे, यासारखी दुसरी विडंबना नाही.

हे हात गेले कोठे, याचे पहिले उत्तर सर्वांना पाठ आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरणगाव गिरण्यांविना उरले. स्प्रिंग मिलच्या जागी आता काचेचे उत्तुंग मनोरे उभे आहेत. संपाविषयी, मालकांविषयी, जमिनीच्या व्यवहारांविषयी उदंड लिहिले गेले. कापड गेले, पगार गेला, भोंगा गेला. मेकॅनिक खाते गेले याविषयी मात्र कोणी अश्रू ढाळले नाहीत. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे या गिरण्यांत दशकानुदशके फिरत राहिली, ती कोणाच्या जिवावर? सुटा भाग विलायतेहून यायला महिने लागत. फिटर झिजलेला तुकडा पाहून नवा घडवी, निळा रंग लावून जोड बसतो का ते पाही, उंचवटा खरवडी, पुन्हा रंग लावी. त्याच्याकडे पदवी नव्हती. लोखंडाच्या चौकोनी तुकड्याची बाजू गुण्याला लावून उजेडाकडे धरायची आणि फटीतून प्रकाशाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत कानस चालवायची, ही त्याची पहिली परीक्षा. ती उत्तीर्ण व्हायला आठवडे लागत. लोखंडावर ओरडून चालत नाही, त्याला फसविता येत नाही. नेमबाजीचे प्रशिक्षक ज्याला मनाची स्थिरता म्हणतात, ती या मंडळींना व्हाइससमोर उभ्या उभ्या मिळे.

दुसरे उत्तर कटू आहे, आणि ते मध्यमवर्गीय घरांत शोधावे लागते. फिटरने स्वतःच्या मुलाला फिटर होऊ दिले नाही, हे समजण्यासारखे आहे. त्याने घाम पाहिला होता. परंतु ज्यांनी तो पाहिला नव्हता त्यांनीही हाताला काळे लागणे म्हणजे शिक्षणातले अपयश, असे ठरवून टाकले. ‘अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला जावे लागेल’, हे वाक्य किती सुसंस्कृत घरांत सहज उच्चारले जाते! १८८७ साली मुंबईत तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, तीच आज माटुंग्याची वीरमाता जिजाबाई संस्था. तेव्हा गिरण्यांना हात हवे होते आणि हातांना ज्ञान हवे होते. आज अभियंत्याची पदवी घेतलेला तरुण संगणकाच्या पडद्यावर यंत्राचा भाग सुबक फिरवून दाखवितो, पण घरातल्या दाराची बिजागरी कुरकुरते तेव्हा मिस्त्रीला दूरध्वनी करतो. विश्वकर्म्याची जयंती साजरी करणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. श्रमप्रतिष्ठेचे सुविचार फळ्यावर लिहून श्रमाला प्रतिष्ठा येत नसते.

कोणी म्हणेल, यंत्रेच इतकी अचूक झाली आहेत, आता कानस हवी कशाला? पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने आणि महूच्या पायदळ प्रशिक्षण संस्थेने मिळून चार महिन्यांत तयार केलेले 'अस्मी' हे मशीन पिस्तूल याचा दाखला म्हणून पुढे केले जाईल. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड या मराठी अधिकाऱ्याचे नाव त्याच्याशी निगडित आहे. जानेवारी २०२१ मध्ये ते देशापुढे आले आणि २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागाने साडेपाचशे नग घेतले. त्याचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन तंतूंचा, आणि चापाचे भाग धातूच्या त्रिमितीय छपाईने साकारलेले. दाखला खरा आहे, निष्कर्ष खोटा. छापलेला धातू यंत्रातून खरखरीत बाहेर येतो. तो घासून, मापून, जुळवूनच बसवावा लागतो. नमुना पहिल्यांदा हातातच अडकतो आणि हातच सांगतो की चूक आराखड्यात आहे की घासण्यात. ते सांगणारा हात संगणकाच्या वर्गात तयार होत नाही.

२०२३ च्या विश्वकर्मा जयंतीला, १७ सप्टेंबर रोजी, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांच्या यादीत लोहार, सुतार, कुलूप बनविणारे, हातोडा व हत्यारसंच बनविणारे यांच्याबरोबर 'अस्त्रकार' हाही व्यवसाय आहे. प्रशिक्षणकाळात दिवसाला पाचशे रुपये, हत्यारांसाठी पंधरा हजार, आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत अल्प व्याजाचे कर्ज अशी तिची रचना आहे. १८७८ मध्ये ज्याचे नाव पुसले गेले त्याचे नाव सरकारी यादीत परत आले, याचे मोल मोठे आहे. शिकलगारांच्या वस्त्यांपर्यंत ही योजना खरोखर पोहोचली का, हे पाहण्याचे काम मात्र सरकारचे एकट्याचे नाही. ज्यांचा संपर्क वाडीवस्तीपर्यंत आहे, त्या कार्यकर्त्यांना एखाद्या शिकलगार कुटुंबाचा अर्ज भरून देणे अवघड नाही. पोलिसांनी भट्टी विझविली, तर तेथे ऐरण कोणी आणून ठेवायची?

नायगावात करण्याजोगे काम याहून सोपे आहे आणि त्याची घाई आहे. बी.डी.डी. चाळी पाडून नवे मनोरे उभारण्याचे काम चालू आहे. नायगावात अशा बेचाळीस चाळी. एकशे साठ चौरस फुटांच्या जागी पाचशे चौरस फुटांचे घर, स्वतःचे न्हाणीघर, उद्वाहन. रहिवाशांनी शंभर वर्षे वाट पाहिली, त्यांना हे सुख मिळालेच पाहिजे. पण स्थलांतराच्या दिवशी पलंगाखालची एक लोखंडी पेटी बाहेर येते. तिच्यात चार-पाच कानशी, एक मायक्रोमीटर, तेलाने काळवंडलेला दगड, गुण्या, एखादा व्हाइस. घरचे म्हणतात, नव्या घरात याला जागा कोठे? भंगारवाला ती किलोच्या भावाने नेतो. पेटीचा मालक सत्तरी-पंचाहत्तरीचा असतो आणि तो काही बोलत नाही.

या नव्या वसाहतींत सभागृह असेल, व्यायामशाळा असेल. तेथेच तळमजल्यावर एक खोली हत्यारांची का असू नये? दोन लाकडी बाके, चार व्हाइस, एक छोटी लेथ, भिंतीवर टांगलेल्या कानशी, आणि रविवारी सकाळी दोन तास बसणारा एक निवृत्त फिटर. त्याच्या शेजारी पोलीस दलातून निवृत्त झालेला एखादा आर्मोरर. मुलांनी तेथे कुलूप खोलून जोडावे, सायकलचा आस दुरुस्त करावा, शिवणयंत्राला तेल-पाणी करावे. नेमबाजी शिकणाऱ्या मुलीने आपल्या हवेच्या पिस्तुलाची मूठ तळव्याला जुळवून घ्यावी. एखाद्या वस्तुसंग्रहालयाने सांगितले, तर जुन्या कट्यारीवरचा तांबडा गंज पात्याला इजा न होता कसा थोपवावा हेही तेथे शिकविता येईल. जुन्या हत्यारांना चकाकी आणण्याच्या भरात उत्साही मंडळी त्यांचे मूळ पाणीच घालवून बसतात, हे पाहणाऱ्याला यातना देणारे असते.

यावर शंका काढली जाईल की, मुलांच्या हाती अशी विद्या देणे धोक्याचे नाही का? आजकाल तर छपाईयंत्रावर पिस्तूल काढता येते म्हणतात. नेमके म्हणूनच ती द्यायची. एकट्या खोलीत पडद्यासमोर बसून शिकणाऱ्याला थांबविणारा कोणी नसतो. बाकासमोर उभ्या असलेल्या मुलामागे वडीलधारा माणूस असतो, जो कानस सरळ धरायला शिकवितो आणि कशाला हात लावायचा नाही हेही त्याच श्वासात सांगतो. नायगावच्या चाळीतल्या काका-आजोबांना हे सांगायला कधी अधिनियमाचे कलम लागले नाही.

खोलीचे भाडे, लेथची वीज, विम्याचा हप्ता हे प्रश्न खरे आहेत आणि ते गृहनिर्माण संस्थांच्या सभांत सुटू शकतात. पेटीच्या मालकाचे वय हा प्रश्न कोणत्याही सभेत सुटणार नाही. २०२६ च्या खंडेनवमीपर्यंत नायगावातल्या एका इमारतीत तरी ती खोली उघडली, तर तिच्या भिंतीवर टांगायला कानशी विकत आणाव्या लागणार नाहीत. भंगारवाल्याच्या आधी चार दारे ठोठावली की पुरे.